औषधाची बेगमी

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मेलेल्या फुरशाला सरकारी भाव होता. साप मारून कचेरीत आणून दाखवायचा आणि बक्षिसाचे पैसे घेऊन जायचे. जी. डब्ल्यू. विडाल हा सनदी अधिकारी सापांचा अभ्यासक होता. १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिताना त्याने या बक्षिसांचा हिशेब मांडला. सहा वर्षांची सरासरी काढली तर एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात दर वर्षी २,२५,७२१ फुरशी मारली गेली होती.

एवढी मारूनही फुरसं संपलं नाही. ते आजही कातळावर, गडग्याच्या दगडांत, गवताच्या भाऱ्याखाली असतं. जेमतेम फूट-दीड फुटांचा हा साप डिवचला की अंगाचं वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतो आणि करकर असा आवाज काढतो. तो चावला की विष रक्त गोठवणारी प्रथिनं वापरून संपवतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं आणि थांबत नाही.

काठीने जे साधलं नाही ते थोडंफार साधलं एका पांढऱ्या पुडीने. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सर्पदंशाच्या औषधाची कुपी पाहिली तर तिच्या तळाशी बत्ताशासारखी पांढरी, हलकी चकती दिसते. इंजेक्शनचं औषध म्हणजे पातळ काहीतरी, अशी आपली कल्पना असते. इथे मात्र पाण्याची बाटली वेगळी आणि औषध वेगळं. ऐन वेळी दोन्ही एकत्र करायचं.

ही चकती अशी कोरडी का, ती कोरडी करायला माणसाला किती वर्षं लागली आणि त्या कोरडेपणाची किंमत कोण मोजतं, याची ही गोष्ट आहे. तिचे बरेच टप्पे आपल्याच परिसरातले आहेत: मुंबई, बेळगाव, पुणे.

वाळवणाचे दोन स्वभाव

कोकणात वाळवण कोणाला शिकवावं लागत नाही. पावसाआधी आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, सुकट, बोंबील डब्यांत गेले की अगोटीची बेगमी झाली. नासायला पाणी लागतं, पाणी काढलं की नासणं थांबतं. पण बोंबील वाळवताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: तो पुन्हा जिवंत व्हायला नको आहे. पाण्यात भिजवल्यावर त्याची चव परत आली म्हणजे झालं. औषधाचं तसं नाही. गोळीतलं पॅरासिटामॉल हा छोटा, टणक रेणू आहे. लस, सर्पविषावरची प्रतिपिंडं, इन्सुलिन ही जीवजन्य औषधं मात्र प्रथिनांची किंवा अख्ख्या विषाणूंची असतात. प्रथिन म्हणजे लांबच लांब साखळी, ठरावीक घडी घातलेली. घडी मोडली की साखळी तीच राहते, पण औषध उरत नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

आणि पाणी इथे दुहेरी भूमिकेत असतं. प्रथिनाची घडी टिकते ती सभोवतालच्या पाण्याच्या आधाराने. पण त्याच पाण्यात रेणू हलत राहतात, एकमेकांवर आपटतात, गुठळ्या करतात, साखळीचे दुवे हळूहळू तुटतात. पाणी ठेवलं तर औषध सावकाश मरतं, घाईने काढलं तर लगेच मरतं.

याचा अनुभव मुंबईने १८०२ मध्ये घेतला. जेन्नरची देवीची लस इंग्लंडहून हिंदुस्थानात आणायचे प्रयत्न तेव्हा चालू होते. लसीचा द्रव दोऱ्यावर घेऊन तो वाळवायचा आणि जहाजाने पाठवायचा, ही सरळ वाटणारी युक्ती होती. लांबच्या प्रवासात, उष्ण समुद्रावर, ती लस निकामी होऊन पोचायची. शेवटी व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टरने काचांमध्ये मेणाने बंद करून पाठवलेली लस बगदादला पोचली. तिथून बसरा आणि पुढे मुंबई हा प्रवास एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असा झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि लागू पडली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. थोडक्यात, लस वाळवून आणता येईना म्हणून जिवंत माणसांची साखळी करून आणावी लागली.

वाळवण औषधाला मारतं, ही गोष्ट पाश्चरने पुढे उपयोगात आणली. १८८५ मध्ये त्याने पिसाळलेल्या सशांचे मज्जारज्जू बाटल्यांत टांगून वाळवले. जसजसे दिवस जात तसतसा त्यांतला विषाणू दुबळा होई. चौदा दिवस वाळलेला रज्जू जवळजवळ निरुपद्रवी होई. आधी सर्वांत वाळलेला, मग कमी कमी वाळलेला, असं टोचत जाऊन त्याने जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजपासून वाचवलं.

पंचवीसएक वर्षांनी अमेरिकेत सेंट लुईस इथे एल. एफ. शॅकेल या तरुण शास्त्रज्ञाने हेच उलटं करून दाखवलं. १९०९ मध्ये त्याने एक पद्धत प्रसिद्ध केली: पदार्थ आधी बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात गोठवायचा, मग निर्वात भांड्यात ठेवायचा आणि निघणारी वाफ सल्फ्युरिक आम्लाने शोषून घ्यायची. त्याने आणि डी. एल. हॅरिसने अशाच तऱ्हेने रेबीजचा विषाणू असलेला मेंदू वाळवला, तेव्हा विषाणूची ताकद टिकून राहिली. विषाणू तोच, वाळवणही तेच. एकात पाणी द्रवरूपात असताना गेलं, दुसऱ्यात बर्फ असताना.

बर्फाची थेट वाफ

बर्फ वितळल्याशिवाय त्याची वाफ होऊ शकते, याला संप्लवन म्हणतात. कापूर उघडा ठेवला की तो न वितळता उडून जातो, तेच हे. पाण्याच्या बाबतीत त्यासाठी दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ०.६ टक्क्यांखाली न्यावा लागतो. मग द्रवरूप पाण्याला जागाच राहत नाही. एक तर बर्फ, नाहीतर वाफ. अँडीज पर्वतातले लोक शेकडो वर्षांपासून रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवून, तुडवून, कोरड्या उन्हात वाळवत आले आहेत. त्यांच्या 'चुन्यो'मागचं तत्त्व याच्या जवळचंच.

कारखान्यातलं यंत्र तेच काम काटेकोरपणे करतं. औषधाच्या हजारो कुप्या, बुचं अर्धवट लावून, धातूच्या फळ्यांवर मांडतात. फळ्या उणे ४० अंशांच्या आसपास नेऊन सगळं गोठवतात. मग हवा उपसून दाब साध्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्शापर्यंत उतरवतात आणि फळ्यांना अगदी जपून ऊब देतात. बर्फ वाफ होऊन शेजारच्या त्याहून थंड नळ्यांवर जाऊन बसतो. ऊब जास्त झाली तर कुपीतला सांगाडा मऊ पडून खाली बसतो आणि अख्खी खेप वाया जाते. कमी झाली तर दिवस वाढतात. शेवटी थोडी उष्णता वाढवून चिकटून राहिलेलं पाणी काढतात आणि चकतीत एक ते तीन टक्के ओलावा उरला की यंत्राच्या आतच बुचं दाबून बंद करतात. या सगळ्याला दोन-चार दिवस सहज लागतात. बर्फ जिथे होता तिथे पोकळी राहते, म्हणून चकती स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि म्हणूनच ती पाण्यात पुन्हा विरघळते.

ही पद्धत प्रयोगशाळेतून कारखान्यात नेली युद्धाने. १९३५ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी रक्तातला द्रव मोठ्या प्रमाणावर वाळवून दाखवला होता. दुसऱ्या महायुद्धात अशा कोरड्या प्लाझ्माच्या लाखो पुड्या आघाडीवर गेल्या. पेनिसिलिनही असंच वाळवलं गेलं. रक्तसाठ्याची सोय नसलेल्या खंदकात पाणी घालून प्लाझ्मा तयार करता येत होता.

आपल्याकडे या पद्धतीचा खरा प्रताप दिसला देवीच्या बाबतीत. ग्लिसरीनमध्ये ठेवलेली जुनी पातळ लस उन्हाळ्यात काही दिवसांत निकामी व्हायची. टोचणारा माणूस गावात पोचायचा, टोचायचा, नोंद करायचा, पण लस आधीच मेलेली असायची. १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियरने लसीत पेप्टोन मिसळून ती गोठवून वाळवली. ही लस ३७ आणि ४५ अंशांनाही महिनोन्‌महिने टिकली. त्याने या पद्धतीवर हक्क सांगितला नाही, ती सगळ्यांना खुली ठेवली.

भारतात राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. सोव्हिएत संघाने कोरड्या लसीचे कोट्यवधी डोस दिले आणि पुढे देशातच ती बनू लागली. ती बनवणाऱ्या चार संस्थांपैकी एक बेळगावची लस संस्था होती. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. श्रेय दुपाती सुईला मिळतं, रुग्ण शोधून भोवती टोचण्याच्या धोरणाला मिळतं, आणि ते योग्यच आहे. पण सुईच्या टोकावर जिवंत लस असणं ही पहिली अट होती, आणि ती वाळवणाने पुरी केली.

साखरेची काच

पेप्टोन का लागलं? नुसतं पाणी काढलं तर प्रथिनाची घडी उघडी पडते. पाण्याच्या जागी आधार द्यायला दुसरं कुणीतरी लागतं. आज ते काम बहुधा साखर करते: साधी ऊस-साखर किंवा ट्रेहॅलोज नावाची तिची बहीण.

आपण पाक जास्त शिजवून थंड केला की त्याची पारदर्शक, ठिसूळ वडी होते. तिच्यात साखरेचे स्फटिक नसतात. पातळ पाकाचीच ती गोठलेली अवस्था असते. तिला काच म्हणायला हरकत नाही. औषध वाळताना साखरेची तशीच काच प्रथिनाभोवती तयार होते. ती पाण्याच्या जागी प्रथिनाला धरून ठेवते आणि हालचाल जवळजवळ बंद पाडते. रेणू एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत, मग गुठळी कशी होणार? ओलावा शिरला की काच मऊ पडते, म्हणून ते एक ते तीन टक्के एवढे मोलाचे. श्रावणात उघड्या डब्यातला गूळ पाझरतो तेव्हा हेच घडत असतं.

निसर्गाला ही युक्ती फार आधीपासून माहीत आहे. रत्नागिरीच्या कातळसड्यांवर एप्रिलमध्ये जी काडी कडकडीत वाळलेली दिसते, तीच पहिल्या पावसाने हिरवी होते. ते नवं रोप नसतं. ट्रायपोगॉनसारखी गवतं जवळजवळ सगळं पाणी गमावून महिनोन्‌महिने थांबतात आणि भिजली की पुन्हा श्वास घेऊ लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ जातींची नोंद केली आहे. अशा कित्येक वनस्पती सुकताना पेशींत साखर साठवून ठेवतात. लस कारखान्यातला माणूस कुपीत जे करतो ते आमच्या सड्यावर दर दिवाळीनंतर होत असतं.

परळची पुडी

आता पुन्हा फुरशाकडे. सापाच्या विषावर रक्तातलं औषध करता येतं हे १८९४ च्या सुमारास फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेतने दाखवलं. त्याचं औषध नागाच्या विषावर बनवलेलं होतं आणि ते सगळ्याच सापांवर चालेल असं त्याला वाटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम्बने घोणशीच्या विषावर प्रयोग केले, तेव्हा ते चालत नाही हे स्पष्ट झालं. ज्या सापाचं विष, त्याचंच औषध.

ही प्रयोगशाळा वाल्डेमार हाफकिनने उभी केलेली. १८९७ च्या जानेवारीत त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळेला जागा मिळाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. पुढे इथेच नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्र चालणारं औषध बनू लागलं. घोड्याला विषाचे थोडे थोडे वाढते डोस टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढायचं, त्यातून प्रतिपिंडं वेगळी करून पेप्सिनने छाटायची आणि कुपीत वाळवायची. हाफकिनचे घोडे पिंपरीला असत. पुणे जिल्ह्यात नारायणगावलाही आज हे औषध बनतं.

या कुपीवर एक हिशेब छापलेला असतो. विरघळवलेल्या औषधाचं १ मिलिलिटर नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६, मण्यारीचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. कुपीत १० मिलिलिटर होतं. पातळ औषधाला सतत २ ते ८ अंश लागतात आणि ते साधारण दोन वर्षं टिकतं. कोरडं त्याच्या दुप्पट, चार-पाच वर्षं टिकतं आणि अधूनमधून फ्रिज बंद पडला तरी लगेच बिघडत नाही. जुलैच्या वादळात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावाला हा फरक फार मोठा आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक जुना हिशेब नेहमी करावा लागतो: एखादं जड काम एकदाच आधी करून ठेवायचं, की दर वेळी गरज पडेल तिथे करायचं? कारखान्यातले ते दोन-चार दिवस, ते महागडं यंत्र, ती निर्वातता म्हणजे आधीच करून ठेवलेलं काम. ते केलं नाही तर तेच काम तुकड्या-तुकड्यांनी शेवटच्या गावातल्या फ्रिजला, जनरेटरला, बर्फाच्या डब्याला वर्षानुवर्षं रोज करत राहावं लागतं. माझ्या मते औषध वाळवण्याच्या इतिहासाचं मर्म हेच आहे. थंडाव्याचं ओझं ज्याला झेपत नाही त्याच्या खांद्यावरून ते ज्याला झेपतं त्याच्याकडे सरकवणं.

पण सगळं ओझं सरकत नाही. सर्पदंशात सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात. प्रत्येकीत पाणी सोडायचं आणि ती हळूहळू फिरवत राहायचं. जोरात हलवली तर फेस होतो, आणि फेसात प्रथिनाची घडी मोडते. चकती पूर्ण विरघळायला कित्येक मिनिटं जातात. खाटेवरच्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येतंय, नातेवाईक दारात उभे आहेत, आणि सिस्टर तळहातांमध्ये कुपी फिरवतेय. कारखान्याने वाचवलेली वर्षं इथे मिनिटांनी वसूल होतात. पातळ औषध तयार असतं, पण फ्रिज मागतं. कोरडं फ्रिज मागत नाही, पण हात मागतं. म्हणून कुप्या पोचवल्या म्हणजे काम झालं असं होत नाही. दोन-तीन जणांनी एकाच वेळी कुप्या विरघळवायला बसायला हवं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

आणखी एक मर्यादा वाळवणाच्या हाताबाहेरची आहे. देशात औषध बनवण्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, तेही वाळवूनच. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक बदलतं. लॅम्बने जातींबद्दल जे सांगितलं तेच आता प्रदेशांबद्दल लक्षात येतंय. वाळवण कुपीत जे आहे ते टिकवतं, जे नाही ते आणू शकत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातली बरीच माणसं कुपीपर्यंत पोचलीच नाहीत.

पुण्यातून आफ्रिकेकडे

घोड्यांमधूनच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचाही जन्म झाला. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडे हाफकिनला सीरमसाठी जात असत. १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी स्वतःचीच संस्था काढली. गोवराच्या कोरड्या लसीने ही संस्था जगभर पोचली.

सहाराच्या दक्षिणेला ज्याला 'मेनिंजायटिस पट्टा' म्हणतात, तिथल्या देशांसाठी बनवलेली 'मेनआफ्रिव्हॅक' ही लसही पुण्याचीच आणि कोरडीच. डिसेंबर २०१० मध्ये ती बुर्किना फासोत वापरायला सुरुवात झाली. एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरखाली होती. २०१२ मध्ये तिला परवानगी मिळाली की पाणी मिसळण्याआधी ती चार दिवसांपर्यंत ४० अंशांतही ठेवता येईल. त्याच वर्षी बेनिनमध्ये आरोग्य कर्मचारी बर्फाविना लस घेऊन गावोगाव गेले. त्यानंतर आलेली संस्थेची रोटाव्हायरसची कोरडी लसही उष्णता सोसण्याच्या दृष्टीनेच बनवली गेली.

कोविडच्या काळात एमआरएनए लसींना उणे ७० अंशांचे फ्रीझर लागतात म्हणून त्या आपल्यासारख्या देशांच्या नाहीत, असं बोललं जाई. पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीने आपली एमआरएनए लस गोठवून वाळवली. जून २०२२ मध्ये जेमकोव्हॅक-१९ ला आपत्कालीन परवानगी मिळाली तेव्हा ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत ठेवता येत होती. साथीचा जोर तोवर ओसरला होता, पण पुढच्या वेळेसाठी हा मोठा धडा आहे.

कोरड्या लसीचं दुखणंही इथे सांगायला हवं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये गोवराच्या लसीत पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि सुमारे १५ मुलं गेली. लस उत्तम होती, पाण्याची कुपी चुकली. शिवाय एकदा विरघळवलेली गोवराची लस सहा तासांत संपवावी किंवा फेकावी लागते. शेवटची पायरी कारखान्याच्या बाहेर ठेवली की चूक होण्याची जागाही बाहेरच राहते.

पाणी न घालता

मग पाणी घालायचंच नाही, अशी पूड करता आली तर? थेट श्वासातून द्यायची. इथे नुसतं वाळवणं पुरत नाही, कण घडवावा लागतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोल पोचायला कण एक ते पाच मायक्रॉनचा हवा. मोठा असला तर घशात अडकतो, फारच बारीक असला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो.

असे कण करायची मुख्य वाट म्हणजे फवारून वाळवणं. दुधाची पावडर होते तसं. या पद्धतीचं पहिलं पेटंट १८७२ चं, अमेरिकेतल्या सॅम्युअल पर्सीचं. गरम हवेत द्रवाचा बारीक फवारा सोडला की थेंब सेकंदभरात वाळतो. हवा गरम असली तरी बाष्पीभवन चालू असेपर्यंत थेंब थंडच राहतो, माठातल्या पाण्यासारखा. त्यामुळे प्रथिन बऱ्याचदा वाचतं.

गोवराच्या लसीचा हा प्रवास पुण्यातूनच गेला. आधी पातळ लसीचा वाफारा देऊन पाहिला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा सहभाग असलेली ही चाचणी भारतातल्या गावांमध्ये नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारे दोन हजार बाळांवर झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाफाऱ्याने ८५.४ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती आली, सुईने ९४.६ टक्के. गोवर इतका पसरणारा रोग आहे की नऊ टक्क्यांची तूट परवडत नाही. सुई जिंकली.

कोरड्या पुडीचा प्रयत्न कोलोरॅडो विद्यापीठातले रॉबर्ट सीव्हर्स आणि सीरम इन्स्टिट्यूट यांचा. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड लसीच्या द्रवात मिसळून तो एकदम सोडला की सोड्याच्या बाटलीसारखा उसळून अतिसूक्ष्म फवारा होतो. तो वाळला की श्वासाजोगते कण. माकडांमध्ये या पुडीने गोवरापासून संरक्षण दिलं. मग पुण्यात ६० निरोगी प्रौढ पुरुषांवर पहिली चाचणी झाली आणि पूड सुरक्षित ठरली. त्यापुढे बाळांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

इन्सुलिनची कथाही अशीच वळणाची. फायझरचं श्वासातून घ्यायचं एक्झुबेरा २००६ च्या जानेवारीत मंजूर झालं आणि विक्रीच होईना म्हणून २००७ च्या ऑक्टोबरात कंपनीने हात काढून घेतला. दुसरी पूड, अफ्रेझा, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. ती भारतात विकायची परवानगी मुंबईच्या सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली. कण उत्तम घडला तरी माणसांना तो हवा असेलच असं नाही, हे एक्झुबेराने शिकवलं.

कुपीच्या अलीकडे

विडालच्या काळातला सरकारी हिशेब मेलेल्या सापांचा होता. मोजायला सोपा, म्हणून तोच मोजला गेला. आजचा हिशेब पुरवलेल्या कुप्यांचा असतो. तोही मोजायला सोपाच. पण दोनशे वर्षांच्या या इतिहासाकडे पाहिलं तर यश तिथे मिळालं जिथे कुणीतरी शेवटच्या टोकाच्या माणसापासून उलटं मोजत आलं. बेळगावहून निघालेली लस उन्हात चालणाऱ्या देवी-डॉक्टराच्या पिशवीत किती दिवस तगेल? बेनिनमधल्या गावात बर्फ नसेल तर काय? हे प्रश्न आधी आले, यंत्राचं तापमान नंतर ठरलं.

सर्पदंशाच्या औषधाबद्दल हे प्रश्न अजून पुरते विचारले गेलेले नाहीत. दोन मिनिटांत विरघळणारी चकती करता येईल का? साखर कोणती, प्रतिपिंडांची दाटी किती, बर्फाचे स्फटिक मोठे होतील असं गोठवायचं कसं, हे सगळं कण आणि काच घडवणाऱ्या शास्त्राला ठाऊक आहे. कोकणातल्या फुरशाचं विष घोड्याला टोचलं जाईल का? यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. एमआरएनए लसीसाठी दोन वर्षांत जे झालं ते भात कापणाऱ्या बाईच्या पायासाठी व्हायचं आहे. तोवर रात्रपाळीच्या सिस्टरला दहा कुप्या एकटीने फिरवायला लागू नयेत, एवढी सोय तरी प्रत्येक आरोग्य केंद्रात करता येण्यासारखी आहे.